बघण्यासारखं काही नाही

"काय रे, तुमच्या गावात बघण्यासारखं काय आहे?"

हॉस्टेलला आल्यावर पहिल्या आठवड्यात प्रत्येकाला हा प्रश्न पडतोच. आधी नाव, मग ब्रँच, मग सीईटीचा स्कोअर आणि मग हा. कोल्हापूरकराला तर विचारायचीही गरज लागत नाही, तो आपणहून सुरू होतो... अंबाबाई, रंकाळा, पन्हाळा, तांबडा-पांढरा! संभाजीनगरवाला "वेरूळ-अजिंठा" एवढे दोन शब्द टाकून मोकळा. ठाणेकर तलाव मोजत बसतो. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, "सायखेडा. तालुका निफाड. नाशिकपासून पाऊण तास. बघण्यासारखं काही नाही."

नेमके त्याच वेळी अण्णा माझी गादी आणि पत्र्याची पेटी घेऊन दारात उभे होते. काही बोलले नाहीत. पेटी कॉटखाली सरकवली, पंखा चालतो का ते बटण दाबून पाहिलं, "जेवणाचं बघ बाबा नीट" एवढं म्हणाले आणि एस.टी. पकडायला निघून गेले.

मी विसरलो. ते विसरले नव्हते, हे मला दीड वर्षानं कळलं. पण त्याआधी पुराचं सांगायला हवं, कारण आमच्याकडची कुठलीही गोष्ट शेवटी तिथंच जाते.

आमच्याकडे गोदावरीला कुणी गोदावरी म्हणत नाही. गंगा म्हणतात. "गंगेला पाणी आलं" असं म्हटलं की सायखेड्यात ज्याला जे कळायचं ते कळतं. नाशिकच्या वर गंगापूर धरण, इगतपुरीच्या अंगाला दारणा धरण. दारणा नदी आमच्या थोडं वर, दारणासांगवीला गंगेला मिळते. म्हणजे दोन्हीकडचं सोडलेलं पाणी एकत्र होऊन आमच्या पुलाखालून जातं. पुलाच्या अलीकडे सायखेडा, पलीकडे चांदोरी. आणि खाली नांदूरमध्यमेश्वरला इंग्रजांच्या काळातला बंधारा, कादवा आणि गोदावरीच्या संगमाजवळ. त्यानं पाणी अडवलेलं असल्यामुळे आमच्या इथं नदी उतरायला वेळ लावते. वरून पानवेलींचे गालिचेच्या गालिचे वाहत येतात, पुलाच्या खांबांना अडकतात आणि पूल स्वतःच एक बंधारा होऊन बसतो. मग जेसीबी पुलावर उभा करून पानवेली काढायच्या. लहानपणी मला वाटायचं की जेसीबी या यंत्राचा शोध पानवेली काढायलाच लागला आहे!

सिव्हिलच्या पोरांसाठी एक वाक्य : ओपन चॅनल फ्लोमध्ये जो एम-वन प्रोफाइल असतो, बंधाऱ्यामागं फुगलेल्या पाण्याचा, जो आपण परीक्षेत फूटपट्टीनं काढतो, त्या कर्व्हवर आमचं घर आहे.

ऑगस्ट २०१९. मी नववीत. पाणी रात्री आलं. आजीला उचलून वरच्या आळीतल्या चुलत्यांकडे नेलं, म्हैस सोडली, दप्तर माळ्यावर टाकलं. गव्हाची कोठी उचलणं शक्य नव्हतं. तिसऱ्या दिवशी परत आलो तेव्हा घरात घोट्याएवढा गाळ होता आणि कोठीतल्या वर्षाच्या गव्हाला मोड आले होते. ओल्या, फुगलेल्या गव्हाचा तो आंबूस वास मला अजून कुठंही ओळखता येईल. आई कोठीच्या तोंडाशी बसून मुठीनं गहू बाहेर काढत होती, तेवढ्यात नाशिकहून एका नातेवाईकांचा फोन आला. स्पीकरवर होता. "अहो काय पूर होता! आम्ही सगळे बघायला गेलो होतो. गर्दी तर इतकी, की गाडी लावायला जागा नाही."

नाशिकमध्ये पूर बघायला जाणं हा खरोखरच एक कार्यक्रम असतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. रामकुंडाजवळ दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती आहे. पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं, यावरून नाशिककर पूर मोजतात. पुढं नारोशंकराच्या देवळाची घंटा, सराफ बाजार, सरकारवाड्याच्या पायऱ्या, या सगळ्या मोजपट्ट्याच आहेत. सीडब्ल्यूसीचा गेज बसवायच्या आधीचं हे देशी इन्स्ट्रुमेंटेशन. होळकर पुलावर माणसं कठड्याला रेलून उभी. छत्र्या, भाजलेली कणसं, बापाच्या खांद्यावर पोरं.

आणि आता एक कबुली. हे मी घरी आजपर्यंत सांगितलेलं नाही, आणि हा अंक घरी जाणार नाही अशी आशा आहे. जुलै २०२२ ला मी बारावीत होतो, क्लाससाठी नाशिकला मामाकडे राहायचो. गोदावरीला पूर आला, क्लासला सुट्टी मिळाली आणि मी मित्रांबरोबर पूर बघायला गेलो. मीही कणीस खाल्लं. मीही व्हिडिओ काढला. मारुतीच्या छातीपर्यंत पाणी चढताना सगळ्यांबरोबर मीही "ओऽऽ" केलं. फोन खिशात थरथरत होता, तो चौथ्या वेळेला उचलला. अण्णा होते. "तिकडं किती आहे रे पाणी? मारुतीला कुठपर्यंत लागलं?"

मी म्हणालो, "छातीला."

"बरं. म्हंजे वाढनार," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. ते पोती वर टाकत होते. मारुतीच्या छातीचं पाणी काही तासांनी आमच्या गल्लीच्या तोंडाशी येतं, हा हिशेब मला पाठ होता, तरी मी कठड्याला टेकून उभा होतो. त्या वेळी पाणी गल्लीच्या तोंडाला येऊन थांबलं, घरात शिरलं नाही. ते माझं नशीब. अक्कल नव्हे.

असो.

तर थर्ड सेम संपल्यावर, जानेवारी २०२५ मध्ये, आमच्या चौकडीनं नाशिक बघायचं ठरवलं. ठाणेकर, कोल्हापूरकर, संभाजीनगरवाला आणि मी. मामाकडे मुक्काम. मी अण्णांना फोन केला. ते म्हणाले, "अन् गावी?"

"गावी कशाला अण्णा, उगीच तुमची धावपळ..."

"हां. खरंच. बघण्यासारखं काही नाही."

शब्द न् शब्द माझे होते. मी फोन कानाला लावून तसाच उभा राहिलो. मग म्हणालो, "दोन दिवस नाशिक, मग गावी येतो."

नाशिकचे दोन दिवस थोडक्यात उरकतो, कारण ते सगळं कुणालाही सापडतं. पंचवटी, काळाराम मंदिर (१९३० चा डॉ. आंबेडकरांचा सत्याग्रह जिथं झाला ते), सोमेश्वरचा धबधबा, जो जानेवारीत धबधबा कमी आणि खडक जास्त असतो. पांडवलेणी मात्र चढून बघाच. २४ लेणी आहेत आणि पांडवांशी त्यांचा काही संबंध नाही. बौद्ध भिक्खूंची आहेत, जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीची. तिसऱ्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईचा, गौतमी बलश्रीचा लेख आहे. आम्ही मात्र दहाव्या लेण्यात रेंगाळलो. तिथं क्षत्रप नहपानाच्या जावयाचा, उषवदाताचा लेख आहे. त्यानं काय काय दान केलं त्याची यादी. आणि त्यात तापी वगैरे नद्यांवर लोकांना फुकट पार जाता यावं म्हणून नावा ठेवल्याचाही उल्लेख आहे. कोल्हापूरकर म्हणाला, "म्हणजे सासऱ्याच्या राज्यात जावई पीडब्ल्यूडी मिनिस्टर!"

दुसऱ्या दिवशी गंगापूर धरणाकडच्या वायनरीत. नाशिकला वाइनची राजधानी म्हणतात ते सुलापासून. त्यांची पहिली वाइन २००० साली आली, आणि मग एकामागोमाग एक वायनऱ्या उभ्या राहिल्या. हंगामात पाहुण्यांना द्राक्षं पायानं तुडवायला देतात. पैसे भरून! ठाणेकर आणि संभाजीनगरवाला पँटी गुडघ्यापर्यंत दुमडून टबात उतरले आणि नाचायला लागले. मी फोटो काढत होतो. काय सांगू, माझ्या पोटात कालवत होतं. आमची दोन एकर द्राक्षबाग आहे. ऑक्टोबर छाटणीपासून माल उतरेपर्यंत घरातलं कुणी धड झोपत नाही. डिपिंग, विरळणी, पहाटे धुकं पडलं की डाउनीची फवारणी. दिवाळीच्या सुट्टीत माझ्या वर्गातली पोरं किल्ले करायची आणि मी मान वर करून घड विरळायचो, संध्याकाळी मान खाली यायची नाही. खाली पडलेल्या मण्यावर पाय पडला तर अण्णांचा आवाज बागेच्या त्या टोकाहून यायचा, "ए! पाय बघ!" आणि इथं हे दोघे पैसे देऊन नाचतायत.

रात्री गावी पोचल्यावर ठाणेकरानं मोठ्या उत्साहानं तो व्हिडिओ अण्णांना दाखवला. मी मनात म्हटलं, आता काही खरं नाही. अण्णांनी चष्मा लावून पूर्ण पाहिला. दोनदा पाहिला. मग म्हणाले, "वाइनची द्राक्षं वेगळी असतात. बारीक मनी, जाड साल. आपल्यासारखी नाही ती." थोडा वेळ थांबून म्हणाले, "पायाला खाज नाही ना सुटली?"

ठाणेकराच्या पायाला खाज सुटलीच होती! आईनं खोबरेल तेल दिलं. जेवायला पिठलं, बाजरीची भाकरी, ठेचा. कोल्हापूरकर तिखटाला "हे काय तिखट हाय व्हय?" म्हणाला आणि पाच मिनिटांनी गुळाचा खडा मागून घेतला.

"सकाळी साडेपाचला तयार राहा," अण्णा म्हणाले. "अन् रात्री बाहेर जायचं झालं तर एकट्यानं जाऊ नका, मागं ऊस आहे." बिबट्याचा उल्लेख त्यांनी केला नाही, तो मी केला. त्यानंतर रात्रभर कुणीही बाहेर गेलं नाही.

पहाटे चुलत्यांची पिकअप घेऊन आम्ही नांदूरमध्यमेश्वरला निघालो. मी पहिल्यांदाच चाललो होतो. हो, खरं सांगतो. घरापासून अर्ध्या तासावर पक्षी अभयारण्य, लोक त्याला महाराष्ट्राचं भरतपूर म्हणतात, आणि मी वीस वर्षांत एकदाही गेलो नव्हतो. थंडीचे महिने पक्ष्यांचे, आणि थंडीचे महिने द्राक्षांचे. आमच्याकडच्या माणसाला दोन्ही जमत नाही. मला वाटलं अण्णांचंही तेच असेल.

चापडगावच्या बाजूला निरीक्षण मनोरा आहे. धुकं होतं. आधी काही दिसलंच नाही, नुसता आवाज. हजारो माणसं लांब कुठंतरी एकदम बोलतायत, तसा. मग ऊन आलं, धुकं वर उचललं गेलं आणि पाणी दिसलं. पाण्यावर काळे ठिपके, हजारोंनी. "वारकरी," अण्णा म्हणाले. "अंग काळं अन् कपाळाला पांढरं गंध. बघा." खरंच तसाच! पलीकडे गवतात जांभळ्या पाणकोंबड्या, लाल चोचीच्या, पायाच्या बोटांत देठ धरून सोलून खाणाऱ्या. गाळात चमच्यासारखी चोच फिरवणारे थापट्या. झाडांवर गुलाबी झाक असलेले चित्रबलाक. आणि केशरी रंगाची चक्रवाकांची जोडी, जी हिमालयापलीकडून इथं येते. आमच्याबरोबर गावातलाच एक गाइड पोरगा होता, दुर्बिणी घेऊन. तो नाव सांगायचा आणि अण्णा ते पाखरू कुठं बसतं, काय खातं ते सांगायचे. शेवटी तो म्हणाला, "काका, तुम्ही आधी यायचे का इकडं?"

"लग्नाआधी," अण्णा म्हणाले. "सायकलवर."

त्या गाइडनं बाकीची माहिती दिली. १९८६ साली अभयारण्य झालं. आजवर अडीचशेच्या आसपास जातींचे पक्षी नोंदले गेलेत. २०२० च्या जानेवारीत रामसर यादीत नाव आलं, महाराष्ट्रातली पहिली जागा. (रामसर म्हणजे इराणमधलं शहर, १९७१ साली पाणथळ जागांचा आंतरराष्ट्रीय करार तिथं झाला. व्हायवाला विचारतील.) पण सगळ्यांत भारी गोष्ट त्यानं जाता जाता सांगितली : ही जागा मुळात निसर्गानं केलेलीच नाही. बंधारा बांधला, पाणी अडलं, गाळ साठला, गाळात गवत उगवलं आणि पाखरं आली. सिंचन खात्याला हवं होतं पाणी. कालव्यांनी ते निफाड, येवला, कोपरगावकडं जातं. पक्षी ही बायप्रॉडक्ट.

संभाजीनगरवाला बराच वेळ बंधाऱ्याच्या दिशेनं बघत होता. "इथून सोडलेलं पाणी आमच्याकडे येतं ना?"

"पैठणला. नाथसागरात."

तेव्हा तो हसायला लागला. म्हणाला, "काका, पावसाळ्यात आमच्या घरी रोज संध्याकाळी एकच बातमी ऐकतात. नांदूरमध्यमेश्वरमधून किती क्युसेक सोडलं. आकडा मोठा असला की आमचे आजोबा टाळी वाजवतात."

कुणी काही बोललं नाही. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सव्वाअठ्ठावीस लिटर, हे आम्हा सगळ्यांना पाठ आहे. ज्या आकड्याला त्याचे आजोबा टाळी वाजवतात, त्याच आकड्याला माझी आई कोठीतला गहू पोत्यांत भरते.

कोल्हापूरकराला शांतता सोसत नाही. त्यानं विचारलं, "काका, मग हा बंधारा पाडायला पायजे काय?" त्याच्याकडे पंचगंगा आहे, त्यानंही २०१९ पाहिलाय, म्हणून प्रश्न चेष्टेचा नव्हता.

अण्णा म्हणाले, "पाडला तर ही कुठं जातील?" आणि पाण्याकडं बोट केलं. मग संभाजीनगरवाल्याच्या पाठीवर हात ठेवून, "अन् ह्याचे आजोबा?" पुढं म्हणाले, "गाळ काढा म्हनावं. वरून सोडताना आधी सांगा, दिवसा सोडा. पुलाचं बघा. एवढं झालं तरी पुष्कळ." हे ते तहसीलदारांसमोर बोलल्यासारखं बोलले. बहुतेक बोललेही असतील कधीतरी.

परतताना पुलावर थांबलो. अण्णांनी चांदोरीच्या अंगाला हात करून दाखवलं, "तिथं पात्रात देवळं आहेत. जुनी, हेमाडपंती. उन्हाळ्यात पाणी पार खाली गेलं तर दिसतात." आम्ही डोळे फाडून बघितलं. नुसतं हिरवट पाणी. प्रेक्षणीय स्थळ आहे, पण पाण्याखाली! ठाणेकर म्हणाला, "यार, तुमचं गाव म्हणजे..." आणि वाक्य सोडून दिलं.

त्याची ताई अमेरिकेत टेक्सासला असते. त्यानं मोबाइलवर सॅन अँटोनिओचे फोटो दाखवले. गावातून नदी, दोन्ही काठांना फरसबंद वाट, हॉटेलं, झाडं, रंगीत बोटी. तिथं आईवडिलांना फिरवून आणलं होतं ताईनं. मी नंतर लायब्ररीत वाचलं, त्या नदीला १९२१ च्या सप्टेंबरमध्ये असा पूर आला होता की पन्नासेक माणसं गेली. वर धरण बांधलं गेलं. शहरातलं नदीचं वळण झाकून त्याचं गटार करायचं घाटत होतं, त्याला लोकांनी विरोध केला. मग १९२९ साली रॉबर्ट ह्यूगमन नावाच्या आर्किटेक्टनं काठावर फिरायची वाट करायचा आराखडा मांडला आणि १९३९ ते ४१ मध्ये काम झालं. पुराचं पाणी वळणात न येता सरळ निघून जावं म्हणून वेगळा चर आणि दरवाजे आहेत, म्हणून त्या बोटी बिनधास्त चालतात. वाचताना मला छान वाटलं. आणि लगेच वाटलं, ते पाणी सरळ निघून पुढं जातं, तिथं कुणाचं गाव असेल?

दुपारी जेवून निघायच्या वेळी ठाणेकराचं लक्ष ओसरीच्या भिंतीकडं गेलं. गेरूनं ओढलेल्या आडव्या रेघा, शेजारी आकडे. २००८. त्याच्या वर २०१६. त्याच्या वर, माझ्या खांद्याला लागेल इतकी, २०१९. "हे काय?" आजी तिथंच बसली होती. ती काठी टेकत उठली, हात जमेल तितका वर केला आणि म्हणाली, "अन् एकोनसत्तरचं हितं. तवा ही भिंत नव्हती, मातीची होती. ती गेली."

तिघंही भिंतीला पाठ लावून उभे राहिले, कुणाला पाणी कुठपर्यंत आलं असतं ते बघायला. कोल्हापूरकर बुटका आहे, त्याच्या हनुवटीपर्यंत रेघ आली. तो म्हणाला, "आजी, मी तर गेलो असतो की!" आजी म्हणाली, "तुला खांद्यावर घेतलं असतं ना बाबा." तिघांनी आजीबरोबर रेघांसमोर फोटो काढले. अण्णा बाजूला उभे राहून बघत होते. पिकअपमध्ये बॅगा टाकताना मला हळूच म्हणाले, "कसं वाटलं पोरांना? जमलं ना?"

"जमलं," मी म्हणालो. मला त्यांना अजून एक वाक्य सांगायचं होतं, पहिल्या दिवशी हॉस्टेलच्या दारात ऐकलेल्या वाक्याबद्दल. तेवढ्यात चुलत्यांनी हॉर्न दिला.

२०२५ च्या पावसाळ्यात गंगापूरमधून विसर्ग सुरू झाल्याची बातमी आली, त्या रात्री आमच्या खोलीत सबमिशन चालू होतं. ठाणेकर शीटवरून डोकं न काढता म्हणाला, "घरी फोन केलास का? गहू वर टाकला का विचार." मी फोन लावला. आईनं टाकला होता. कोपऱ्यात संभाजीनगरवाला मोबाइलवर आकडे बघत होता. थोड्या वेळानं तो म्हणाला, "यंदा नाथसागर तसा बरा भरलाय रे. हळूहळू आलं तरी चालेल आम्हाला."